विशेष शिक्षकाची पहिली नेमणूक



प्राथमिक शिक्षकाकडे गावातील माणसे केवळ मुलांच्या अभ्यासाविषयी विचारावयास येतात असे नाही. शिक्षकी पदविका घेऊन दोन-तीन वर्षे घरी बसलेला तरुण, किंवा त्याचे वडील, "गुरुजी, पोराला कोठे लावता येईल काय?" असे विचारीत येतात. त्याच शाळेत मागच्या ओळीत एखादे मूल असते. ते हजेरीपटावर असते, दुपारच्या आहाराच्या पंगतीत असते; परंतु पाठात नसते. त्याला कमी ऐकू येते, किंवा फळ्यावरील अक्षर दिसत नाही, किंवा इतर मुले दोन दिवसांत शिकतात ते शिकण्यास त्याला दोन महिने लागतात. हे दोन प्रश्न सामान्यतः निराळे समजले जातात. वस्तुतः त्यांचा परस्परांशी निकटचा संबंध आहे. विशेष शिक्षकाच्या नोकरीची वाट अशाच एखाद्या मुलापासून सुरू होते, आणि ती वाट दाखविणारा पहिला माणूस बहुधा गावचा शिक्षकच असतो.

आपल्या राज्यात अंध व कर्णबधिर मुलांसाठी पहिल्या शाळा मुंबईत निघाल्या, त्याला शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. दीर्घकाळपर्यंत अशा मुलाने शहरातील निवासी शाळेत जावे, नाहीतर घरी बसावे, एवढेच दोन मार्ग होते. 1974 साली केंद्र शासनाने अपंग मुलांना सर्वसाधारण शाळांत सामावून घेण्याची योजना सुरू केली. पुढे सर्व शिक्षा अभियान आणि 2018 पासून समग्र शिक्षा यांतून हे काम तालुक्यापर्यंत पोहोचले. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले असून, लक्षणीय दिव्यांगत्व असणाऱ्या मुलास 6 ते 18 वर्षे वयापर्यंत नजीकच्या शाळेत, किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे मुलाने शिक्षकाकडे जावयाचे, या जुन्या रीतीबरोबरच शिक्षकाने मुलाच्या गावी जावयाचे, ही नवी रीत आली. नोकरी शोधणाऱ्याने प्रथम हा पालट ध्यानात घेतला पाहिजे.

ही नोकरी कोठे मिळते? तिची ठिकाणे मुख्यतः चार आहेत. पहिले, गटसाधन केंद्र. तेथून विशेष शिक्षक आठवड्यातील ठरलेल्या दिवशी तालुक्यातील शाळांना भेटी देतो. दुसरे, स्वयंसेवी संस्थांच्या विशेष शाळा. त्यांतील काही अनुदानित, तर काही विनाअनुदानित असतात, आणि त्यांचा संबंध शिक्षण विभागापेक्षा दिव्यांग कल्याण विभागाशी अधिक येतो. हा स्वतंत्र विभाग राज्यात 2022 च्या डिसेंबरात स्थापन झाला. तिसरे, आरोग्य खात्याची जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्रे. तेथे लहान बालकांसाठी विशेष शिक्षक नेमले जातात. चौथे, शहरांतील खाजगी शाळा. अनेक उमेदवार यांपैकी एकाच ठिकाणी अर्ज करतात आणि नकार आला की मार्ग खुंटला असे मानतात. चारही दारे ठोठवावीत, हे त्यांस सांगणे अवश्य आहे.

पात्रतेसंबंधी एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. साधी शिक्षकी पदविका या कामास पुरेशी नाही. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव दाखल करावे लागते. 1992 च्या अधिनियमाप्रमाणे या नोंदणीवाचून व्यवसाय करता येत नाही. नोंदणीचे ठराविक मुदतीने नूतनीकरण करावे लागते व त्यासाठी मधल्या काळात मान्य प्रशिक्षणवर्गांस हजर राहावे लागते. तेव्हा कोणत्याही संस्थेत शुल्क भरण्यापूर्वी ती संस्था, तो अभ्यासक्रम आणि ते शैक्षणिक वर्ष या तिन्हींना परिषदेची मान्यता आहे किंवा नाही, हे परिषदेच्या संकेतस्थळावर पाहावे. मान्यतेअभावी वर्षे व पैसा दोन्ही वाया जातात, आणि हा पैसा पुष्कळदा आईचे दागिने गहाण ठेवून आणलेला असतो. ही पडताळणी करून देणे शिक्षकाला अर्ध्या तासाचे काम आहे. बदलापूर-अंबरनाथकडील तरुणांस वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था व खारघर येथील बौद्धिक दिव्यांगत्वविषयक राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र ही दोन्ही रेल्वेच्या टप्प्यात आहेत. तेथे जाऊन प्रत्यक्ष चौकशी केल्यास ऐकीव माहितीवर विसंबावे लागत नाही.

आता स्थळाचा विचार. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन नगरे एकाच लोहमार्गावर लागून आहेत. परंतु तेथील मुलांची घरे एकसारखी नाहीत. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून 1949 मध्ये उल्हासनगर उभे राहिले. तेथे आजही कित्येक घरांत सिंधी बोलली जाते. अंबरनाथला कारखान्यांच्या निमित्ताने अनेक प्रांतांतील कुटुंबे स्थायिक झाली. कमी ऐकणाऱ्या मुलाला घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी भेटली, तर शब्द पक्के होणे अवघड होते. घरातील भाषेचे पन्नास शब्द शिकून येणारा उमेदवार आईशी बोलू शकतो, व तेथे त्याचे अर्धे काम होते. बदलापूरच्या पलीकडे ठाकूर व कातकरी वाड्या आहेत. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. त्या घरातील मूल सहा महिने दृष्टिआड झाले, की शिकलेले पुसले जाते; म्हणून शिक्षकाच्या आराखड्यात स्थलांतराचा विचार पाहिजेच. वांगणीस दृष्टिहीन कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांची मुले पुष्कळदा डोळस असतात. परंतु आईबापांना प्रगतिपुस्तक वाचता येत नाही. ते ब्रेलमध्ये लिहून देऊ शकणारा शिक्षक त्या शाळेस किती मोलाचा ठरेल, हे सांगावयास नको.

प्रमाणपत्र आणि नोंदणी यांनी उमेदवार मुलाखतीच्या दारापर्यंत येतो. दाराच्या आत त्याला बहुधा एकच प्रश्न घेरतो : प्रत्यक्ष मुलाला तुम्ही काय शिकविले? नवशिका म्हणतो, "नोकरी मिळाल्यावर शिकवीन." येथेच तो मागे पडतो. याला उपाय गावच्या शाळेत आहे. मुख्याध्यापकांची व पालकांची लेखी संमती घेऊन, वर्गशिक्षकांच्या देखरेखीखाली, त्याने आठवड्यातून दोन-तीन दिवस एका मुलाबरोबर काम करावे आणि त्याची वही ठेवावी. उदाहरणार्थ, जेवणापूर्वी हात धुणे ही क्रिया घ्यावी. पाण्यापाशी जाणे, बाह्या सारणे, हात ओले करणे, साबण लावणे, चोळणे, धुणे, पुसणे अशा तिच्या सात पायऱ्या पाडाव्यात. प्रत्येक पायरीपुढे तारीख घालून मुलाने ती आपण होऊन केली, खुणेने केली की हात धरून करवून घ्यावी लागली, हे नोंदवावे. सहा आठवड्यांनी त्या वहीवरून कोणती पायरी सुटली आणि कोणती अडली हे स्पष्ट दिसते. अडलेली पायरीही लिहावी व तेथे कोणता उपाय बदलून पाहिला तेही लिहावे. कारण निवड करणारा अनुभवी असेल, तर त्याला यशाच्या यादीपेक्षा या बदलातच शिक्षक दिसतो. वहीत मुलाचे नाव व छायाचित्र मात्र असू नये.

वेतन व स्थैर्य यांविषयी नवागताला भ्रमात ठेवू नये. राज्यातील विशेष शिक्षकांनी पुष्कळ वर्षे कंत्राटी मानधनावर काम केले आहे. 2021 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर 10 व माध्यमिक स्तरावर 15 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे 1 विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. 2024 मध्ये राज्य शासनाने समूहसाधन केंद्रांच्या पातळीवर विशेष शिक्षकांची 4860 पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला, आणि त्यांवर पूर्वीपासून काम करणाऱ्या कंत्राटी शिक्षकांना सामावून घेण्याचे धोरण ठरविले. 2025 च्या मार्चमध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना अशी पदे अधिसूचित करून नियमित निवड करण्यास पुन्हा बजावले. यावरून या क्षेत्राची दिशा कळते. परंतु पद मंजूर होणे आणि ते प्रत्यक्ष भरले जाणे यांत काळ जातो. म्हणून उमेदवाराने जाहिरातीतील पात्रता, शिक्षक पात्रता परीक्षेची अट व मुदत अक्षरशः वाचावी. खाजगी संस्थेत रुजू होताना नेमणुकीचा लेखी आदेश, मानधनाची रक्कम, मुलांची संख्या आणि प्रवासखर्च या चार गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. असे विचारण्यात उद्धटपणा नाही. न विचारता रुजू झालेला शिक्षक चार महिन्यांत सोडून जातो, आणि ज्या मुलाने मोठ्या कष्टाने एका माणसावर विश्वास टाकावयास आरंभ केलेला असतो, त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

नेमणूक मिळाल्यानंतरचे पहिले वर्ष बव्हंशी आपल्या हाती आहे. विशेष शिक्षक शाळेत आला, की गैरहजर शिक्षकाचा वर्ग त्याच्याकडे सोपविण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. दिव्यांग मुलाला त्याच्या स्वाधीन करून वर्गशिक्षकाने मोकळे होणे हेही योग्य नव्हे. कारण फिरता शिक्षक आठवड्यातून एखादे वेळी येतो, उरलेले दिवस मूल वर्गशिक्षकापाशीच असते. त्याने सांगितलेली एक गोष्ट, मग ती फळ्यावर मोठे अक्षर काढणे असो, मुलाकडे तोंड करून बोलणे असो, की टेलरच्या पाटीवर अंक मांडावयास वेळ देणे असो, पुढील भेटीपर्यंत रोज पाळली गेली, तरच त्या भेटीला अर्थ राहतो.

सुरक्षिततेचा एक मुद्दा राहिला. 2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापूर येथे शाळेतील बालिकांवर झालेल्या अत्याचाराने सारे राज्य हादरले. त्यानंतर शाळांतील कर्मचाऱ्यांच्या चारित्र्यपडताळणीबाबत शासनाने कडक आदेश काढले. विशेष शिक्षकाला पुष्कळदा एकेका मुलाबरोबर स्वतंत्र बसावे लागते, आणि त्यांतील काही मुलांना आपल्यावर काय गुदरले हे शब्दांत सांगता येत नाही. म्हणून पडताळणीस त्याने आपण होऊन पुढे यावे, पाठ उघड्या दाराच्या व इतरांच्या नजरेतील खोलीतच घ्यावा, आणि मुलाच्या अंगास स्पर्श करून शिकवावे लागेल तेथे आईला अगोदर समजावून सांगावे. 2012 च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती कळविणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे, हेही त्याला पहिल्याच दिवशी सांगावे.

तेव्हा या सत्रात प्रत्येक शाळेने तीन कामे करावीत. आपल्या पटावरील, तसेच पटाबाहेर राहिलेल्या, दिव्यांग मुलांची नावे लिहून ती गटसाधन केंद्राकडे द्यावीत; कारण मुलांची नोंद नसेल तर शिक्षकाच्या पदाची मागणी उभी राहत नाही. गावातील शिकलेल्या तरुणांत ज्याच्या ठिकाणी धीर दिसेल, अशा एकास वा एकीस या अभ्यासक्रमाची खरी माहिती द्यावी. आणि ज्याने तो पूर्ण केला आहे, त्याला आपल्या शाळेत एका मुलाजवळ बसण्याची संधी द्यावी. शाळेला यासाठी निराळा निधी लागत नाही. एक जुनी वही, एक बाक आणि वर्गशिक्षकाचे लक्ष एवढे पुरते. त्या मुलाला शिकविणारा माणूस मिळेल, आणि तो तरुण पुढील मुलाखतीस जाताना हातात आपल्या कामाची वही घेऊन जाईल.