प्रवेशाची गुणवत्ता आणि वैद्याची गुणवत्ता

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त सदाशिव पेठेत झालेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण, संपादित स्वरूपात)



वैद्यकीय प्रवेश मिळविलेल्या मुलामुलींचा सत्कार माझ्या हस्ते व्हावा, हा मी माझा बहुमान समजतो. त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करून एक प्रश्न आपणांपुढे ठेवतो. प्रवेशाच्या वेळचे गुण पुढील यशाविषयी नेमके किती सांगतात?

पूर्वी आपल्या राज्यात बारावीच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश होत असत. पुढे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आली आणि नंतर देशभरासाठी ‘नीट’. आज ७२० गुणांच्या या एका परीक्षेवर बहुतेक सर्व प्रवेश ठरतात. पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय मात्र ‘नीट’च्या जोडीला आकलन व तर्कशक्तीची चाचणी आणि मुलाखतही घेते.

गुण निरर्थक आहेत, असे माझे म्हणणे नाही. जीवशास्त्राचा व रसायनशास्त्राचा पाया कच्चा असेल, तर पहिले वर्षच जड जाते. परंतु त्यांच्या उपयोगाला मर्यादा आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००२ साली या विषयावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याविद्यार्थ्यांमधील यशाच्या तफावतीपैकी सुमारे २३ टक्के भाग पूर्वीच्या गुणांवरून उलगडतो, आणि पदवीनंतरच्या कामगिरीत हाच वाटा अवघा ६ टक्के उरतो, असे त्यात आढळले.

अमेरिकेतील ह्यूस्टन येथील उदाहरण अधिक बोलके आहे. १९७९ साली तेथील वैद्यकीय महाविद्यालयाने १५० विद्यार्थी निवडले. त्यानंतर राज्याच्या विधिमंडळाने आणखी ५० जागा भरावयास लावल्या. तोपर्यंत चांगले क्रमांक अन्यत्र गेले होते. म्हणून मुलाखतीनंतर यादीत तळाशी राहिलेल्यांना बोलवावे लागले. पदवीपर्यंत आणि त्यानंतरच्या पहिल्या वर्षातही दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही! अर्थात ही सर्व मुले मुलाखतीपर्यंत पोहोचलेली होती. म्हणजे किमान तयारी साऱ्यांचीच होती. ती असल्यावर क्रमांकातील अंतर फारसे उरत नाही, हाच त्याचा बोध.

आपल्या आनंदीबाई जोशी यांचेच पाहा. घरी पतीजवळ शिकलेल्या या तरुणीने १८८३ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज केला. त्यात तिने आपला निश्चय आणि देशभगिनींना वैद्यकीय साहाय्य देण्याचा हेतू मांडला. तिला प्रवेश मिळाला व १८८६ साली ती पदवीधर झाली.

आता थोडे स्वतःविषयी. प्रथम वर्षी मी शरीररचनाशास्त्रात अनुत्तीर्ण झालो. ज्या धर्मादाय निधीतून मला साहाय्य मिळत असे, त्याने ते त्याच महिन्यात थांबविले. नियमच तसा होता. वडिलांनी दुकानासाठी ठेवलेली रक्कम माझ्या शुल्कात भरली. सहा महिन्यांनी मी उत्तीर्ण झालो आणि पुढे तोच विषय तीस वर्षे शिकविला. त्या निधीविषयी माझ्या मनात कटुता नाही. परंतु ज्याच्या वडिलांजवळ तेवढेही नसेल, त्याचे काय होत असेल, हा विचार मला आजही सोडत नाही.

म्हणून विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे. शिष्यवृत्ती देताना किमान पात्रता अवश्य पाहावी. मात्र त्यापुढे दोन-चार गुणांच्या फरकाने निवड करू नये. विद्यार्थ्याशी व त्याच्या शिक्षकांशी बोलावे, घरची परिस्थिती जाणावी. आणि एखादा एका विषयात अडखळला, तर साहाय्य बंद करण्याऐवजी त्याच्यासाठी एखादा ज्येष्ठ विद्यार्थी मार्गदर्शक नेमावा. हात सोडण्याची नव्हे, हात धरण्याची तीच वेळ असते.

विद्यार्थिमित्रांनो, आजची गुणपत्रिका जपून ठेवा. मात्र उद्या रुग्ण ती मागणार नाही; तो तुमचे ज्ञान आणि तुमची करुणा पाहील.