मुकी सोबत आणि माणसांची माया



माणसांशी ज्याचे जमत नाही तो कुत्र्यामांजरांत मन रमवतो, असा समज फार रूढ आहे. हा समज खोटा असेल, तर पुष्कळांवर आपण अन्याय करीत आहोत. म्हणून तो तपासून पाहणे इष्ट.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मॅकॉनेल व त्यांचे सहकारी यांनी २०११ साली या विषयावर तीन अभ्यास प्रसिद्ध केले. पहिल्यात २१७ लोकांना प्रश्नावली दिली होती. जनावरे पाळणाऱ्यांत स्वतःविषयीचा आदर अधिक, व्यायाम अधिक आणि जवळीक करण्याचे भय कमी आढळले. दुसरा अभ्यास कुत्री पाळणाऱ्यांचा. जनावराचा आधार हा माणसांच्या आधाराची जागा घेत नाही, त्यात भर घालतो, असे दिसले. म्हणजे मायेची शिदोरी एकीकडे वाटली म्हणून दुसरीकडे आटत नाही.

तिसरा प्रयोग विद्यार्थ्यांवर केला. आपल्याला कोणी वगळले होते तो प्रसंग त्यांना आठवायला लावला. नंतर ज्यांनी आपल्या लाडक्या जनावराविषयी लिहिले, त्यांना जिवलग मित्राविषयी लिहिणाऱ्यांइतकाच दिलासा मिळाला.

परंतु श्रोतेहो, येथे सावध राहिले पाहिजे. पाहणी दोन गोष्टी एकत्र नांदतात एवढेच सांगते; कोणती कोणामुळे, हे सांगत नाही. कुत्र्यामुळे माणूस हिंडूफिरू लागतो, की हिंडताफिरता माणूसच कुत्रे पाळतो? एरिका फ्रीडमन यांनी १९८० साली हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा वृत्तान्त दिला. जनावरे पाळणाऱ्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले. न पाळणाऱ्या ३९ पैकी ११. आकडे बोलके खरे. पण २०१० साली ऑस्ट्रेलियातील अशाच अभ्यासाचा निष्कर्ष उलट निघाला. तेव्हा मांजर म्हणजे औषधाची पुडी नव्हे.

मग यातून आम्ही काय घ्यावे? आमच्या मते एवढेच: शेजारचे एकटे आजोबा कुत्र्याशी बोलत बसले, तर ते माणसांना विटले आहेत असे समजू नये. आणि ‘त्यांना सोबत आहे’ असे म्हणून आपण आपले जाणे-येणेही थांबवू नये. कुत्रे दारापर्यंत धावत येईल. पण दार ठोठावायला माणूसच गेला पाहिजे.