दोन अज्ञातांचा हिशेब
(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



इयत्ता दहावीच्या बीजगणितात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हे प्रकरण येते. समीकरण मांडून दिले की बहुतेक विद्यार्थी ते सोडवितात. अडते ते शाब्दिक उदाहरणापाशी. वाक्यातून समीकरण काढणे हेच तर खरे काम आणि व्यवहारात ते कोणी मांडून देत नाही.

ही विद्या या भूमीस परकी नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी रचला, त्यातील एक भाग ‘बीजगणित’. पहिल्या अज्ञात राशीस ‘यावत्तावत्’ व पुढील राशींस काळक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे त्यांनी वापरली. चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा शिलालेख आहे. त्यांचे एक उदाहरण आजही वर्गात रंगते. एक जण म्हणतो, मला शंभर दे, म्हणजे माझे धन तुझ्या दुप्पट होईल. दुसरा उत्तरतो, तूच मला दहा दे, म्हणजे माझे धन तुझ्या सहापट होईल. पहिल्याजवळ ४० व दुसऱ्याजवळ १७० असले पाहिजेत; पडताळा घ्यावा, १४० हे ७० च्या दुप्पट आणि १८० हे ३० च्या सहापट.

आता शेताकडे वळू. समजा, एखाद्या पिकास हेक्टरी ८० किलो नत्र व ४० किलो स्फुरद द्यावयाचे आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते. डीएपीत १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद असते. डीएपी ‘क्ष’ किलो व युरिया ‘य’ किलो धरल्यास स्फुरदाचे समीकरण ०.४६ क्ष = ४० आणि नत्राचे ०.१८ क्ष + ०.४६ य = ८० असे होते. पहिल्यावरून डीएपी सुमारे ८७ किलो. त्यातून जवळजवळ १५.७ किलो नत्र आपोआप मिळते, म्हणून युरिया १४० किलो पुरतो. परंतु दोन्ही खतांचा हिशेब वेगवेगळा करणारा शेतकरी डीएपीतील नत्र विसरतो व १७४ किलो युरिया टाकतो. जादा ३४ किलो म्हणजे ४५ किलोच्या गोणीच्या हिशेबाने पाऊण गोणी! पैसा जातो तो जातोच, शिवाय पीक माजते, लोळते, किडीस बळी पडते आणि उरलेले नत्र पाण्याबरोबर झिरपून विहिरीपर्यंत पोहोचते. पुस्तकातील बापलेकांच्या वयांपेक्षा हे उदाहरण खेड्यातील मुलास अधिक जवळचे वाटेल, यात शंका नाही.

समीकरणांचा आणखी एक उपयोग क्वचितच सांगितला जातो. टंचाईच्या दिवसांत दहा हजार व पाच हजार लिटरचे टँकर मिळून आठ फेऱ्या झाल्या आणि ६५ हजार लिटर पाणी पोहोचले, अशी नोंद आहे. साऱ्या फेऱ्या लहान टँकरच्या धरल्या तर ४० हजार होतात. २५ हजारांची उणीव मोठा टँकर दर फेरीस पाच हजारांनी भरून काढतो. अर्थात पाच फेऱ्या मोठ्याच्या, तीन लहानाच्या. आता त्याच आठ फेऱ्यांत ६२ हजार लिटर लिहिले असेल तर? मोठ्या टँकरच्या फेऱ्या ४.४ येतात. अशी फेरी कोणताही चालक करीत नाही! मात्र एवढ्यावरून कोणास दोषी धरणे घाईचे होईल. एखादा टँकर अर्धवट भरला असेल, क्षमता चुकीची लिहिली असेल किंवा फेऱ्यांची मोजणी चुकली असेल. कोणती नोंद चुकली हे समीकरण सांगत नाही. त्यासाठी टाकी मोजावी लागते, फेऱ्यांच्या वेळा पाहाव्या लागतात आणि ज्या वस्तीत पाणी उतरले तेथे जाऊन विचारावे लागते.