बिडाचा तवा भंगारात देऊ नका

आम्ही अंजूरच्या बचत गटातून बोलतोय.

आपल्या भिवंडीत भंगाराचा धंदा मोठा. दारात हातगाडी येते, काटा लागतो आणि सासूबाईंचा बिडाचा तवा किलोच्या भावाने जातो. का? तर गंजलाय, जड आहे, घावणे चिकटतात. गेल्या पावसाळ्यानंतर गटाच्या बैठकीत हा विषय निघाला आणि आम्ही ठरवलं, माळ्यावरचे तवे खाली काढून पुन्हा वापरात आणायचे.

खरं सांगतो, पहिला तवा आम्ही फोडला. गटातल्या एका ताईंच्या सासूबाईंचा होता. गंज घासून तो आम्ही मोठ्या आचेवर तापवला आणि घाईत वर गार पाणी ओतलं. टणकन आवाज आला, मधोमध तडा गेला. पत्र्याचा तवा वाकतो, बीड ठिसूळ असतं, ते फुटतं. आजी रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आता मी सांगते तसं करा."

त्यांनी शिकवलं ते असं. आधी तवा उचलून चमच्याने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर तवा चांगला. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, नाद सोडा. मग जाडं मीठ किंवा राख घेऊन काथ्याने कोरडाच घासा. गंज हटत नसेल तर तारेची घासणी घ्या. राहिलेल्या डागांवर चिंचेचा कोळ लावा, पण अर्ध्या तासाच्या वर ठेवू नका, आंबटाने लोखंड खाल्लं जातं. धुतल्यावर लगेच पुसा आणि मंद आचेवर कोरडा करा. ओला ठेवला तर पुन्हा तांबूस झालाच समजा.

आता तेल. इथेच बहुतेकजणी चुकतात. तवा कोमट असताना गोडंतेल आतून-बाहेरून चोळा आणि मग सुती फडक्याने असं पुसा, की जणू तेल लावलंच नव्हतं. जास्त तेल राहिलं तर तवा चिकट होतो. मग आच हळूहळू वाढवा, धूर येऊन थांबेपर्यंत तापवा. खिडक्या उघड्या ठेवा. तवा आपोआप गार होऊ द्या. असं तीन-चार वेळा करा. तापलेलं तेल लोखंडाला घट्ट धरतं, त्याचं काळं, गुळगुळीत पुट चढतं. पहिले काही दिवस त्यावर तेलात कांदा परता, मग घावणे टाका.

रोज वापरताना आंबट कालवण, टोमॅटो, कोकम यात शिजवू नका, पुट उतरतं. पाण्यात भिजत ठेवू नका. ठेवताना तेलाचा हात फिरवा.

एक इशारा. भंगाराच्या गोदामातून जुनी कढई आणत असाल तर आधी चौकशी करा. जिच्यात शिसं वितळवलंय किंवा रंग, डांबर ढवळलंय, ती घासून कितीही चकचकीत झाली तरी स्वयंपाकाला चालणार नाही.

लोखंडी भांड्याने रक्त वाढतं का, असं बायका विचारतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. तेव्हा प्रश्न बरोबर आहे. लोखंडी भांड्यातून अन्नात थोडं लोह उतरतं, पण पुट चढलेल्या तव्यातून कमीच. म्हणून तवा जरूर वापरा, मात्र आशाताईंनी दिलेल्या गोळ्या बंद करू नका.

आजींचा तवा गेला तो गेलाच. पण त्यांच्या सांगण्यावरून पुढचे पाच तवे आम्ही चुलीवर आणले. तुमच्याही माळ्यावर एखादा असेल. हातगाडी येण्याआधी तो खाली काढा आणि घरातल्या मोठ्या बाईला शेजारी बसवून विचारा. तवा आणि तो वापरायची रीत, दोन्ही तिच्याकडेच आहेत.