छत्री, केबल की अँटेना? आधी घरातलं बघा, मग टीव्हीचं

मी निघोज्याहून, खेड तालुक्यातून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून गावोगावच्या बैठकांना जाते. बैठकीत कर्ज, हप्ते, दंड हे विषय नेहमीचेच. पण मागे एका बैठकीत विषय निघाला टीव्हीचा.

आमच्या गटातल्या एका ताईंनी तीन महिने बचत भरली नव्हती. महिन्याची बचत दोनशे रुपये. नवऱ्याला कंपनीतून ब्रेक मिळालेला. त्यात केबलचं बिल थकलं आणि टीव्ही बंद पडला. त्यांनी गटाकडं कर्ज मागितलं, टीव्हीसाठी! लगेच कुजबुज सुरू झाली. "बचत भरायला पैसे नाहीत आणि टीव्ही पाहिजे?" ताई खाली मान घालून म्हणाल्या, "मी सकाळी कामावर जाते ती संध्याकाळी येते. सासूबाईंचे गुडघे गेलेत. दिवसभर खोलीत एकट्या असतात. त्यांना बोलायला दुसरं कोण आहे?"

मग कोणी काही बोललं नाही. आम्ही वही उघडली आणि हिशोब मांडला. तोच आज तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट अँटेनाची. आपल्यातल्या थोरल्या बायकांना आठवत असेल, पुण्याकडं दूरदर्शन आलं ते १९७३ साली, सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून. छपरावर चढून एकानं अँटेना फिरवायची आणि खालून दुसऱ्यानं ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" कावळा बसला तरी चित्र हलायचं. ते दिवस संपले. प्रसार भारतीनं देशभरातले असले जुने प्रक्षेपक २०२२ पर्यंत जवळजवळ सगळे बंद केले. तेव्हा बाजारात कुणी जुन्या पद्धतीची अँटेना स्वस्तात देत असेल, तर पैसे घालवू नका. आमच्या घरी त्या पाइपाला आता कपड्यांची दोरी बांधलीय.

दुसरी गोष्ट छत्रीची, म्हणजे डिशची. तिच्यात दोन प्रकार. एक खासगी कंपन्यांची डिश, तिला रिचार्ज लागतो. दुसरी दूरदर्शनची डीडी फ्री डिश. ती २००४ सालापासून आहे. छत्री, बॉक्स आणि बसवणावळ मिळून एकदाच दीड-दोन हजार जातात, पुढं महिन्याला एक रुपयाही नाही. सह्याद्री, डीडी किसान, बातम्या, मुलांच्या अभ्यासाच्या वाहिन्या दिसतात. डीडी स्पोर्ट्सवर भारताचे काही क्रिकेट सामनेही लागतात.

पण खरं सांगायचं, तर हिच्यात सगळं येत नाही. मराठी मालिकांच्या पैसे भरायच्या वाहिन्या बहुतेक दिसत नाहीत. खासगी वाहिन्या लिलावात जागा घेतात, म्हणून यादी बदलत राहते. आज दिसली ती वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. बॉक्स घेताना 'एमपीईजी-४' आहे का, हे विचारा. मी चौकशी न करता जुन्या पद्धतीचा बॉक्स उचलला होता. शेजारणीकडं दिसायच्या त्या कितीतरी वाहिन्या माझ्याकडं दिसेनात. स्वस्तातलं महागात पडलं.

छत्री लावायला मोकळं आभाळ लागतं. फ्री डिशचा उपग्रह आपल्याकडून आग्नेयेला, बराच उंचावर येतो. त्या बाजूला आंब्याचं झाड किंवा शेजारची तीन मजली इमारत असेल, तर चित्र मिळणार नाही. जोराचा पाऊस आला की चित्र अडकतं. तो बिघाड नसतो, पाऊस थांबला की येतं. त्यासाठी मेकॅनिकला पैसे देऊ नका.

तिसरी गोष्ट केबल. आपल्या पट्ट्यात भाड्याच्या खोल्या फार. तिथं छत्रीला जागा नसते, म्हणून केबल सोयीची. बिघाड झाला तर माणूस गावातलाच असतो. पण रस्ता खोदला की वायर तुटते, आणि खोली बदलली तर तोच बॉक्स दुसऱ्या केबलवाल्याकडं चालेलच असं नाही. म्हणून आधीच विचारा: बॉक्स विकत की भाड्यानं? अनामत परत मिळेल का? पावती द्याल का?

आणि हे लक्षात ठेवा. २०१९ च्या फेब्रुवारीपासून वाहिन्या एकेक निवडून घेता येतात. ठरावीक पॅकच घ्या, अशी सक्ती नाही. बिलात जोडणीचे पैसे, वाहिन्यांचे पैसे आणि वर १८ टक्के जीएसटी असतो. केबल असो की खासगी डिश, नियम तोच.

आम्ही त्या ताईंना सांगितलं, आठवडाभर घरात खरंच काय बघतात ते वहीत लिहा. बिल होतं साडेतीनशेचं, वर्षाचे बेचाळीसशे. बघण्यातल्या वाहिन्या निघाल्या सात! बातम्या, कीर्तन, जुने सिनेमे आणि सासूबाईंची रात्रीची एक मालिका. ती मालिका फ्री डिशवर नव्हती. आम्ही निर्णय त्यांच्यावर सोडला. घरी जाऊन त्यांनी सासूबाईंना विचारलं. आजी म्हणाल्या, "दिवस जाऊ दे माझा, रात्रीचं बघू."

गटानं दोन हजारांचं कर्ज दिलं. खोलीमालकीणही आमच्याच गटातली, तिनं गच्चीवर छत्रीला जागा दिली. केबलचे वाचलेले पैसे घालून पाच हप्त्यांत कर्ज फिटलं, थकलेली बचतही भरून निघाली. रात्रीच्या मालिकेला आजी आता काठी टेकत शेजारच्या खोलीत जातात. तिथं तिघीजणी वाट बघत असतात.

मैत्रिणींनो, टीव्ही म्हणजे चैन, असं चटकन म्हणू नका. आणि केबलवाला म्हणेल तेवढे पैसेही मुकाट देऊ नका. आजच वही घ्या, आठवडाभर लिहा आणि पुढच्या बैठकीत हिशोब मांडा. ज्यांच्या खोल्या भाड्यानं आहेत त्यांना एक विनंती, गच्चीवर भाडेकरणीच्या छत्रीपुरती जागा द्या.