तिकिटाची खिडकी

(आपल्या गटाच्या हॅनोव्हर इथल्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. भाषणात निसटलेली एक-दोन सालं नंतर घातली आहेत.)



आजचा विषय पत्रकात वाचून दोघातिघांचे फोन आले. "अरे, शेती, शिक्षण, जातीचा प्रश्न एवढं सगळं पडलेलं असताना रेल्वेच्या तिकिटाची खिडकी?" प्रश्न रास्त आहे. मीही काही वर्षांपूर्वी हेच विचारलं असतं. खरं तर विचारलंच होतं, आणि त्याची थोडी लाज वाटते म्हणूनच आज बोलायला उभा आहे.

नव्वदीच्या दशकात मी इथं शिकायला आलो तेव्हा माझं जर्मन वर्गात कमी आणि तिकिटाच्या खिडकीवर जास्त सुधारलं. घरून वाक्य पाठ करून जायचं आणि काचेपलीकडच्या बाईंनी उलट काही विचारलं की गारठायचं. एका शनिवारी आम्ही पाच मुलं पाच वेगवेगळी तिकिटं मागत होतो. बाईंनी हात वर करून थांबवलं आणि आम्हा पाचजणांत मिळून एकच वीकेंड तिकीट दिलं. १९९५ साली १५ मार्कांना निघालेलं ते तिकीट. आम्ही आलो तोवर ते महागलं होतं, तरी पाचांत वाटल्यावर चहा-पावाचे पैसे उरायचे. २०१९ मध्ये ते बंद झालं. तुमच्यापैकी निम्म्यांनी त्या तिकिटावर अर्धा जर्मनी पाहिलाय, नाकारू नका! पण ते तिकीट आपल्याला लागू पडतं हे आपल्याला माहीतच नव्हतं. काय विचारायचं हेच ज्याला ठाऊक नाही त्याच्या कामाला यंत्र येत नाही.

पुढे नोकरी लागली, आम्ही एका उपनगरात घर घेतलं. तिथल्या छोट्या स्टेशनावर एक खिडकी होती. आधी ती दुपारची बंद झाली, मग शनिवारची. रांग वाढली, लोक कंटाळून यंत्राकडे वळले, आणि मग एक दिवस कागद लागला : मागणी घटल्यामुळे खिडकी बंद. निर्णय झाल्यानंतरचा कागद, आधीचा नव्हे.

शेजारच्या आजीबाई सह्या गोळा करत दारात आल्या. तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. मी सही केली नाही. "हे थांबणार नाही, त्यापेक्षा मी तुम्हाला यंत्र शिकवतो," असं म्हणालो. आपण कॉम्प्युटरवाले, आपल्याला दुसरं काय सुचणार? दोन रविवार शिकवलं. बाई हुशार, तिसऱ्या खेपेला स्वतःच बटणं दाबली. मी खूष होऊन घरी आलो.

वर्षभरानं कळलं की त्यांनी बहिणीकडे जाणंच सोडलंय. त्या आधी महिन्यातून एकदा जायच्या, मध्ये एकदा गाडी बदलावी लागायची. मी म्हटलं, "यंत्र तर येतं ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "यंत्र येतं हो. पण गाडी रद्द झाली तर विचारायचं कुणाला?"

मित्रहो, मला शिकवायचं होतं ते मी शिकवलं होतं. त्यांचा प्रश्नच वेगळा होता. खिडकीवर बसलेला माणूस तिकीट विकतो, पण त्या स्टेशनावर कुणीतरी आहे हेही त्याच्यामुळेच असतं. हे काम कुठल्याही हिशेबाच्या वहीत लिहिलेलं नाही, म्हणून ते कापणंही सोपं.

आता थोडा इतिहास, कारण 'हे थांबणार नाही' हे माझं वाक्य याच शहरात एकदा नव्हे, दोनदा खोटं ठरलंय.

पहिली गोष्ट जून १९६९ ची. हॅनोव्हरच्या ट्राम-बस चालवणाऱ्या उस्त्रा कंपनीनं भाडं वाढवलं. विद्यार्थी रुळांवर बसले, मग कामगार आले, आणि ट्राम थांबल्यावर शहरानं एक तोडगा काढला. मोटारीच्या काचेवर लाल ठिपका लावायचा. ठिपका म्हणजे 'मी वाटेत कुणालाही घेईन'. दहा-बारा दिवस शहर अशा लिफ्टवर चाललं. भाडेवाढ मागे घ्यावी लागली आणि पाठोपाठ कंपनी सार्वजनिक मालकीत आली. आज सकाळी तुम्ही ज्या ट्रामनं आलात ती त्यामुळे आपली आहे. इथल्या जुन्या लोकांना 'रोटर पुंक्ट' म्हणून बघा, चेहरा खुलतो.

दुसरी २००८ ची, आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. रेल्वे शेअर बाजारात न्यायची तयारी चालू होती. ऑगस्टअखेर जाहीर झालं की लांब पल्ल्याचं तिकीट खिडकीवर घेतलं तर अडीच युरो जादा. थोडक्यात, माणसाशी बोलण्याचा दर! देशभर इतका गदारोळ झाला की चान्सलर मर्केल यांनीही नापसंती दाखवली, आणि दोनएक आठवड्यांत प्रस्ताव गुंडाळला गेला. शेअर विक्रीही त्याच ऑक्टोबरात आर्थिक संकटामुळे बारगळली, ती वेगळी कथा.

पण सगळ्यात मोठं उदाहरण इंग्लंडचं. जुलै २०२३ मध्ये तिथल्या रेल्वे कंपन्यांनी जवळजवळ सगळ्याच तिकीट खिडक्या बंद करायचा घाट घातला. युक्तिवाद असा की आता बाराच टक्के तिकिटं खिडकीवर विकली जातात, आणि काचेमागचा कर्मचारी फलाटावर आणून आम्ही तो प्रवाशांच्या जवळच नेतोय. ऐकायला छानच. पण ते बारा टक्के कोण? अंध प्रवासी, चाकाच्या खुर्चीवरचे, रोख पैसेवाले, परतावा अडकलेले, भाषा न येणारे. म्हणजे ज्यांना दुसरा मार्ग नाही नेमके तेच. तिथं खिडकी बंद करायची तर आधी नोटीस लावून मतं मागवावी लागतात आणि प्रवाशांच्या संस्थांना हरकत घेता येते. साडेसात लाख लोकांनी मतं पाठवली. अपंगांच्या संघटना आणि कामगार संघटना एकत्र आल्या. प्रवासी संस्थांनी हरकती घेतल्या, आणि ३१ ऑक्टोबरला खुद्द परिवहनमंत्र्यांनी कंपन्यांना प्रस्ताव मागे घ्यायला सांगितलं. तेही हुजूर पक्षाच्या सरकारात.

आपल्याकडे मुंबईत काय झालं बघा. लोकलच्या स्टेशनांवर तिकिटाची यंत्रं आली आणि रेल्वेनं यंत्राशेजारी माणूस उभा केला, बहुधा निवृत्त कर्मचारी. यंत्रानं माणूस वाचवायचा आणि यंत्र चालवायला माणूस नेमायचा, याला आपण हसतो. मीही हसायचो. आता वाटतं, त्या हसण्यात आपला शहाणपणा किती आणि आपला चष्मा किती?

मी यंत्रांच्या विरोधात नाही. लायब्निझनं आपलं गणनयंत्र सांभाळलं ते याच शहरात, आणि आपल्या सगळ्यांचं पोट त्याच्याच खापरपणतवंडांवर चालतं. प्रत्येक खेड्यातली खिडकी टिकेल असंही मी म्हणत नाही, माणसं मिळत नाहीत हे खरं आहे. काही ठिकाणी पडद्यावरून बोलणारा कर्मचारी ठेवलाय, तेही काहीच नसण्यापेक्षा बरं. माझं भांडण 'ज्याला जमत नाही त्यानं मागे राहावं' या गृहीताशी आहे. सवलतीच्या तिकिटासाठी खिडकीवरही ई-मेल किंवा मोबाइल नंबर मागायची पद्धत इथं निघाली होती. ग्राहक संघटनेनं दावा लावला आणि जुलै २०२५ मध्ये फ्रँकफुर्टच्या उच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवली. म्हणजे कायदाही अगदीच झोपलेला नाही.

शेवटी कामाचं. १९९६ पासून प्रादेशिक रेल्वेची जबाबदारी राज्यांकडे आहे, आणि आपल्या भागात ती रिजन हॅनोव्हरकडे. त्यांची सभा लोकांनी निवडून दिलेली असते. म्हणजे पत्र कंपनीला लिहून थांबायचं नाही, तिथंही पाठवायचं. ज्यांनी जर्मन पासपोर्ट घेतलाय त्यांना मतही आहे. बाकीच्यांना पत्र लिहायला पासपोर्ट लागत नाही.

आमच्या भागातल्या आणखी एका स्टेशनाची खिडकी आता अर्धवेळ झाली आहे. पुढचा कागद कधी लागेल ते आपल्याला माहीत आहे. आजीबाईंनी पुन्हा सह्या सुरू केल्यात, या वेळी मी त्यांच्याबरोबर दारोदार फिरतोय. जर्मन मसुदा मागच्या टेबलावर, चहाच्या थर्मासशेजारी ठेवलाय. त्यातली तिसऱ्या परिच्छेदातली व्याकरणाची चूक माझी आहे, ती कुणीतरी सुधारा.