जवसाचं तेल आणि उचललेला माणूस

चुलीवर काही ठेवलं असेल तर त्याच्याकडे लक्ष देत देत ऐका, माझी हरकत नाही. आज मी चित्रांविषयी बोलणार आहे. रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. मी माध्यमिक शाळेत बरीच वर्षं चित्रकला शिकवली. तिथेही कितीतरी चित्रं अशी नुसती सांगूनच शिकवावी लागली, कारण पुस्तकात ती काळी-पांढरी आणि काडेपेटीएवढी छापलेली असायची.

सुरुवात जवसापासून करू. जवस म्हटलं की आपल्याला चटणी आठवते. कुणी अळशी म्हणतं, कुणी जवस. पूर्वी घाण्यावरून जवसाचं तेल यायचं, ते कपाशीसारख्या कापडावर सांडलं आणि तसंच राहिलं तर काय होतं, आठवतं का? ते गोडेतेलासारखं ओशट राहत नाही. हवा लागून चिकट होतं, मग घट्ट होतं, आणि शेवटी त्याची पापडीच बनते. तैलरंग म्हणजे हेच. रंगाची बारीक पूड या तेलात घोटायची आणि कापडावर लावायची. पाण्याचा रंग बघता बघता वाळतो. तेलाचा रंग दिवसेंदिवस ओला राहतो, जाड लावला तर महिनोन्‌महिने. त्यामुळे चुकलं तर खरवडून काढता येतं, परत लावता येतं. युरोपात तर खालचं कापडही पुष्कळदा जवसाच्याच झाडाच्या दांड्यातून काढलेल्या धाग्याचं असे, त्याला लिनन म्हणतात. म्हणजे खाली जवस आणि वरही जवस.

आता माणसाकडे येते. व्हिन्सेंट व्हॅन गॉग हे नाव तुमच्यापैकी काहींच्या मुलामुलींनी ऐकलं असेल. हॉलंड देशातला, जन्म 1853 चा, आणि बाप पाळक. आम्ही ख्रिस्ती लोक देवळात उपासना चालवणाऱ्याला पाळक म्हणतो. व्हिन्सेंटलाही बापासारखंच व्हायचं होतं. त्याआधी त्याने चित्रांच्या दुकानात नोकरी केली, इंग्लंडात मुलांना शिकवलं, पुस्तकांच्या दुकानात बसला. काहीच धड जमेना. पाळक होण्यासाठी लॅटिन आणि ग्रीक शिकायला बसला, तेही सुटलं. शेवटी 1878 च्या डिसेंबरात तो बेल्जममधल्या बोरिनाज नावाच्या कोळशाच्या खाणींच्या भागात प्रचारक म्हणून गेला. 1879 च्या जानेवारीत त्याला सहा महिन्यांची नेमणूक मिळाली.

तिथे तो एका खाणीत स्वतः उतरला, सुमारे 700 मीटर खोल. आपल्या गावातली सर्वांत खोल विहीर डोळ्यांसमोर आणा आणि किती पटींनी खोल ते तुम्हीच मोजा. बाया आणि लहान पोरंही त्या खाणींवर राबत होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जवळच्या एका खाणीत वायूचा स्फोट होऊन शंभरावर माणसं मेली. व्हिन्सेंटने आपले चांगले कपडे वाटून टाकले, आपल्याच कापडाच्या पट्ट्या फाडून जखमा बांधल्या, बरी खोली सोडून झोपडीत पेंढ्यावर झोपू लागला. मंडळीच्या वरच्या लोकांना हे पटेना. प्रचारकाने नीटनेटकं असावं, चांगलं बोलता यावं, अशी त्यांची अपेक्षा. नेमणूक पुढे वाढवलीच नाही.

मला त्या वरच्या लोकांचा राग येतो, पण पूर्ण येत नाही. असा माणूस घरात असता तर मीही त्याला म्हटलं असतं, बाबा रे, एक तरी सदरा स्वतःला ठेव!

मग 1880 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने ठरवलं की आपण चित्रकार व्हायचं. जे बोलून सांगता आलं नाही ते हाताने सांगायचं. धाकटा भाऊ थिओ त्याला महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवायचा. तैलरंग स्वस्त नव्हते.

मध्ये एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल मी संताचं चरित्र सांगतेय. 1882 साली हेग शहरात त्याने रस्त्यावर देह विकून पोट भरणाऱ्या एका गरोदर बाईला आणि तिच्या मुलीला आपल्या खोलीत घेतलं. बाळंतपण झालं, पाळणा आला. घरच्यांनी बोल लावले तरी त्याने ऐकलं नाही. पण पुढच्याच वर्षी तो तिला सोडून गेला. पैसे नव्हते, भांडणं होती, सगळं खरं. तरी ती बाई आणि दोन लेकरं मागे राहिली, हेही खरं. दया करणाऱ्याचा दम संपतो, हे आपल्यापैकी कितीजणींनी पाहिलंय.

त्यानंतर तो आईवडिलांकडे न्यूनेन नावाच्या खेड्यात आला. 1884-85 चा अख्खा हिवाळा त्याने शेतकऱ्यांचे चेहरे रंगवण्यात घालवला. चाळीसच्या आसपास चेहरे. वरून टोपी घातलेल्या, गालफडं वर आलेल्या, उन्हावाऱ्याने रापलेल्या बाया. आणि 1885 च्या वसंतात एक मोठं चित्र केलं, ‘बटाटे खाणारे’. एका खोलीत वर एक दिवा टांगलाय. खाली टेबलाभोवती पाचजण. मधल्या ताटात वाफाळलेले बटाटे. उजवीकडची म्हातारी कपांत कॉफी ओततेय. पुढे एक मुलगी पाठमोरी बसलीय. सगळ्यांची बोटं जाड, गाठी आलेली. भावाला त्याने कळवलं होतं की ज्या हातांनी ही माणसं ताटातलं उचलतायत त्याच हातांनी त्यांनी माती खणली आहे, आणि मला तेच दाखवायचं होतं. रंग तर त्याने न सोललेल्या, मातीने भरलेल्या बटाट्यासारखाच धरला. भिंतीवर एक घड्याळ आहे आणि शेजारी क्रुसाचं एक छोटं चित्र. ते अंधारात आहे, पटकन दिसतही नाही. उजेड आहे तो खाणाऱ्यांच्या तोंडांवर आणि हातांवर.

आमच्या माहेरी भिंतीवर कॅलेंडरातून कापून काढलेलं प्रभू येशूचं चित्र होतं. खांद्यावर कोकरू, पांढरे स्वच्छ कपडे, पायाला धूळ नाही. माझ्या आजीचं त्या चित्रावर फार प्रेम. मला मात्र लहानपणी प्रश्न पडायचा, मेंढरं राखून कपडे इतके पांढरे कसे? आमच्या गावचा मेंढपाळ तसा नव्हता. आजीला विचारलं तेव्हा तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

व्हिन्सेंटलाही बहुतेक हीच अडचण होती. 1888 मध्ये फ्रान्समध्ये असताना त्याने जैतुनाच्या बागेतल्या येशूचं चित्र रंगवायला घेतलं, शेजारी देवदूत. ते त्याने खरवडून टाकलं. पुन्हा केलं, पुन्हा खरवडलं. समोर खरा माणूस बसवल्याशिवाय असली आकृती काढायची नाही, असं त्याचं म्हणणं. मग त्याने जैतुनाची झाडंच रंगवली, वेडीवाकडी, वाऱ्यात पिळवटलेली. आणि त्या झाडांची फळं तोडणाऱ्या बाया.

त्याच वर्षाच्या शेवटी त्याचं मन बिघडलं. कान कापून घेतल्याची गोष्ट सगळीकडे चवीने सांगितली जाते, ती मी सांगत बसत नाही. 1889 च्या मे महिन्यात तो स्वतःहून सें-रेमी गावातल्या मनोरुग्णांच्या दवाखान्यात दाखल झाला आणि वर्षभर राहिला. 1890 च्या फेब्रुवारीत एक मोठा झटका आला, तो एप्रिलपर्यंत चालला. त्यातून थोडा सावरल्यावर, मे महिन्यात, त्याने जे चित्र केलं त्यासाठी मी आज इथे बसले आहे.

त्या चित्रामागची गोष्ट बायबलात लूकच्या शुभवर्तमानात आहे. एक माणूस यरुशलेमहून यरीहोकडे चालला होता. वाटेत लुटारूंनी त्याला गाठलं, मारलं, कपडेही काढून घेतले आणि अर्धमेला टाकून गेले. त्या वाटेने एक याजक, म्हणजे पुजारी, आला आणि बगल देऊन गेला. मंदिरातला दुसरा सेवक, लेवी, आला, तोही बगल देऊन गेला. मग एक शोमरोनी आला. यहुदी आणि शोमरोनी यांचं पटत नसे, एकमेकांच्या भांड्यातलं पाणीसुद्धा चालत नसे. आपल्या पाणवठ्यांनी काय काय पाहिलंय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यापुढे सांगायला नको. त्या शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेलं, आणि वर पैसेही दिले.

ही गोष्ट शेकडो चित्रकारांनी रंगवली. फ्रान्सच्या दलाक्रवा नावाच्या मोठ्या चित्रकारानेही रंगवली होती, आणि तिची काळी-पांढरी छापील प्रत व्हिन्सेंटकडे होती. आकृत्या त्याने तिच्यातून घेतल्या, पण रंग सगळे स्वतःचे. बगल देऊन गेलेले दोघे डावीकडे वाटेवर दिसतात, एक जवळ, एक पार लांब गेलेला. खाली एक पेटी उघडी पडलीय, रिकामी. आणि मधोमध शोमरोनी त्या माणसाला जनावरावर चढवतोय.

मैत्रिणींनो, तो चढवतो कसा ते ऐका. जखमी माणसाचं सगळं अंग त्याच्यावर आलंय. त्याने शोमरोन्याला दोन्ही हातांनी गच्च धरलंय, बुडणारा धरतो तसं. शोमरोनी मागे वाकलाय, गुडघा वर घेऊन त्या गुडघ्याचा टेकू दिलाय. चेहऱ्यावर हसू नाही की डोक्यामागे तेजाचं वलय नाही. जोर लावताना होतो तसा चेहरा आहे. घोडा मुकाट उभा आहे. रंगाचे फटकारे जाड, वाकडे, एकमेकांना ढकलणारे; डोंगरसुद्धा जोर लावतायत असं वाटतं.

मी हे चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं ते सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा. त्यांना अर्धांगवायू झाला होता. आमचं दोघींचं कधीच जमलं नव्हतं. का, ते सांगत नाही, त्या आता नाहीत. दिवसातून पाच-सहा वेळा त्यांना पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून पलंगावर घ्यायचं. माझी कंबर गेली. देवळात लोक म्हणायचे, बाई, किती प्रेमाने करता तुम्ही! मला लाज वाटायची. कारण प्रेम कुठे होतं? पाठीत कळ होती आणि मनात मागचा हिशोब होता. रात्री प्रार्थनेला बसले की शब्द फुटायचा नाही. वाटायचं, मी ढोंग करतेय.

एका दुपारी शाळेतून आणलेलं पुस्तक चाळताना हे पान उघडलं. त्या शोमरोन्याच्या तोंडावर मला प्रेम सापडेना. मी शोधलं, खरंच शोधलं. त्याचं सगळं लक्ष एवढ्यावरच होतं की हा माणूस हातातून निसटू नये. मी किती वेळ ते पान बघत बसले कुणास ठाऊक. आतून हाक आली तेव्हा उठले, गुडघा पलंगाला टेकवला, त्यांना अंगाशी घेतलं आणि उचललं. दवाखान्यातल्या सिस्टरनेही तेच सांगितलं होतं, लांबून हात ताणून उचलू नका, अंगाशी घ्या. पण मी अंगाशी घेत नव्हते. इतकी वर्षं घेतलं नव्हतं, तेव्हा कसं घेणार? त्या दिवशी त्यांनी त्यांच्या चालणाऱ्या हाताने माझा पदर धरला. पुढे बोलण्यासारखं काही झालं नाही. आम्ही मैत्रिणी झालो नाही. पण ढोंग करतेय असं मला पुन्हा वाटलं नाही.

व्हिन्सेंटचं बाकी आयुष्य थोडंच उरलं होतं. 29 जुलै 1890 ला तो गेला, सदतीस वर्षांचा. सहा महिन्यांत भाऊ थिओही गेला. मागे राहिली थिओची बायको योहाना, अठ्ठावीस वर्षांची, कडेवर वर्षाचं पोर आणि घरभर न विकलेली चित्रं. तिने एका गावात भाडेकरू ठेवून त्यांना जेवूखाऊ घालायचा व्यवसाय सुरू केला, भिंतींवर ती चित्रं लावली, प्रदर्शनांना पाठवत राहिली, आणि 1914 मध्ये व्हिन्सेंटने भावाला लिहिलेली पत्रं छापून काढली. आपल्याला आज व्हिन्सेंट माहीत आहे तो पुष्कळसा या बाईमुळे. खानावळ चालवणाऱ्या आपल्या भगिनींनी तिचं नाव लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

आता गटाच्या बैठकीत एक करा. कुणाकडे तरी इंटरनेटचा फोन असेल. त्यात ‘व्हॅन गॉग गुड समॅरिटन’ एवढं बोला, चित्र येईल. फोन आडवा धरू नका, चित्र उभं आहे. आधी ते दोघे निघून गेलेले शोधा, मग ती रिकामी पेटी. आणि ज्या बाईच्या घरी कुणी अंथरुणावर आहे, तिच्या हातात फोन थोडा जास्त वेळ राहू द्या.